मॉनिटर बंद ठेवून काढलेला शॉट

बसा पावणं, बसा. एकदा लाइट गेली की या गल्लीत लवकर येत नाही, आणि तुमच्या लॅपटॉपची बॅटरी तर कधीच देवाघरी गेली आहे. इन्व्हर्टरवर हा एवढा एक दिवा चालतो. चहा सांगितलाय, तोवर दोन शब्द बोलू.

आधी एक सांगा. मी तुम्हाला स्क्रीनशॉट मागितला आणि तुम्ही मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून पाठवलात. व्हय का न्हवं? लाजू नका हो, सगळं कोल्हापूर तेच करतंय. स्क्रीनशॉट म्हटलं की आपल्या माणसाचा हात आधी खिशातल्या मोबाइलकडं जातो. मग फोटोत ट्यूबलाइट येते, मागच्या तसबिरीवरचा हार येतो, फोटो काढणाऱ्याची ढेरी येते. बिघाड तेवढा येत नाही.

मी शिव्या घालतो ते उगाच नाही. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. स्क्रीनशॉट कॉम्प्युटर स्वतः आतून काढतो. बाहेर पडदा आहे, त्याला काच आहे, समोर माणूस बसलाय, हे त्याला ठाऊकच नसतं. त्यामुळं डाग स्क्रीनशॉटमध्ये आला तर दोष आतला. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि डोळ्याला डाग दिसतोय, तर दोष पडद्याचा. मॉनिटर बदला, विषय संपला. निम्मं दुकान या एका नियमावर चालतं माझं. एकदाच तो तोंडावर पडला. तुम्ही विचारलं नाही, पण अंधार झाला की माझ्या डोक्यात तेच येतं, म्हणून सांगतो.

कुरुंदवाडची शिवलीला पट्टणशेट्टी म्हणून एक बाई. घरीच डीटीपीचं काम करायची. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, दुकानाचं उद्घाटन, सगळ्या गावाच्या पत्रिका तिच्या हातच्या. हाताला चांगली, बोलायला सरळ, आमच्याकडच्या बायकांसारखी 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. कॉम्प्युटर माझ्याच दुकानातनं नेलेला, त्यामुळं काही झालं की फोन मला. त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"अमरदादा, पत्रिकेचा पांढरा रंग पांढरा दिसंना झालाय. मागं कसली तर सावली हाय बघा."

"घाण असंल. पुसा की."

"पुसलो की ओ. काचेवर न्हाय ते, आत हाय."

मी म्हटलं, स्क्रीनशॉट पाठवा. फोटो नको, स्क्रीनशॉट. विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबा, फाइल तयार होते, ती पाठवा. ती बरं म्हणाली आणि जरा वेळानं फाइल आली.

उघडली आणि माझं टाळकं सटकलं. पत्रिका होती कुणाच्या तरी लग्नाची, आणि तिच्या पांढऱ्या भागात सबंध खोली दिसत होती. पुसट, पण दिसत होती. खिडकी, तिच्याशेजारी भिंतीवर कॅलेंडर, त्यावरचे आकडे उलटे, म्हणजे आरशात दिसतात तसे. भिंतीला लागून लोखंडी कॉट आणि कॉटवर पांघरूण घेतलेलं माणूस. खाली मधोमध एका बाईच्या डोक्याची आकृती. ती स्वतःच, दुसरं कोण असणार. मी फोन लावला आणि सुरूच झालो.

"ताई, तुम्हीसुद्धा? दहा वेळा सांगितलं फोटो नको म्हणून. अख्खी खोली आलीय की काचेत!"

"फोटो कुठला? स्क्रीनशॉटच काढलोय की ओ."

"मग कॉटवर कोण झोपलंय ते मला शाहूपुरीत दुकानात बसून कसं दिसतंय?"

ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पा हायत ते. पण दादा... मोबाइल माझा चार्जिंगला लावलेला. आत्ता काढून तुमचा फोन घेतलोय."

फोन ठेवून मी फाइल पुन्हा नीट बघितली. मोबाइलनं पडद्याचा फोटो काढला की त्यात बारीक जाळी उठते, कडा तिरक्या होतात. इथं जाळी नव्हती, कडा सरळ. खालची पट्टी, बटणं, सगळं जागच्या जागी आणि लख्ख. मोजमाप तिच्या मॉनिटरच्या मोजमापाला तंतोतंत जुळत होतं. स्क्रीनशॉटच होता तो. काचेतलं प्रतिबिंब होतं, आणि जिथं काच नसतेच तिथं ते आलं होतं. आयला, म्हटलं, हे काय नवीनच.

तुम्हाला अप्पांचं सांगायला पाहिजे. अण्णासो पट्टणशेट्टी, तिचे वडील. दोन वर्षांमागं अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. नुसते पडून. भरवलं की गिळायचे, बाकी काही नाही. आई बसव्वा आधीच वारलेली. शिवलीलाचं टेबल त्यांच्याच खोलीत, भिंतीकडं तोंड करून. म्हणजे ती दिवसभर काम करणार आणि अप्पा तिच्या पाठीमागं पडलेले. धाकटा भाऊ बसवराज बेंगळुरूला. त्यानं मिरजेकडं कुठला तरी आश्रम बघून ठेवला होता, रविवारी गाडी घेऊन अप्पांना न्यायला येणार होता. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना आता काही कळत नाही, कुठंही ठेवा. हे सगळं तिनं मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. मी विचारलं नव्हतं. माणसाला कधीकधी कॉम्प्युटरवाल्याजवळच बोलावंसं वाटतं.

"भाऊ चुकतोय असं न्हाय म्हणत मी," ती म्हणाली. "दमलोय मी दादा. खोटं कशाला बोलू. पण मला एवढंच कळू दे, त्यांना कळतंय का न्हाय. कळत नसंल तर मिरज काय आणि कुरुंदवाड काय. पण कळत असंल, आणि मी गाडीत घालून पाठवलो... तर?"

मी म्हटलं, आपण आधी सावलीचं बघू.

मॉनिटरवर जाड चादर टाकायला सांगितली. चादरीखाली काच झाकलेली असताना तिनं शॉट काढला. खोली आली. खिडकी बंद करून, दिवे घालवून काढला. तरी खोली आली, आणि शॉटमधल्या खिडकीतनं ऊन येत होतं. तिला पडद्यावर नुसती सावली दिसायची, डाग पडल्यासारखी. माझ्या मॉनिटरवर मात्र कॉटच्या पायाचं गंजलेलं लोखंडसुद्धा दिसत होतं. खरं सांगतो, तोवर मला भीती वाटली नव्हती. चीड येत होती. आपल्याला न येणारं गणित दुसऱ्यानं समोर ठेवावं, तशी चीड.

शुक्रवारी संध्याकाळी मी म्हटलं, आता शेवटचं करू. मॉनिटरच बंद करा. पडदा काळा होऊ दे, मग अंदाजानं ती दोन बटणं दाबा. नंतर चालू करून फाइल पाठवा. मॉनिटरच नाही म्हटल्यावर प्रतिबिंब येईल कुठनं?

बाहेर आभाळ भरून आलं होतं. गल्लीतली पोरं क्रिकेट आवरून घराकडं गेली होती, समोरच्या गिरणीचा पट्टा थांबला होता. दुकानात मी एकटाच. फाइल आली तेव्हा कसला तरी वास आला. राखेसारखा, त्यात कोवळ्या बेलाच्या पानांचा. मला वाटलं, शेजारी कुणी धूप घातला असेल. मी फाइल उघडली आणि खुर्चीतनं उठलोच. आनंदानं उठलो हो! लगेच फोन लावला.

"ताई! अहो अप्पा उठून बसलेत की!"

"काय?"

"बसलेत! मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून. पाठ कशी ताठ! कोण म्हणतो त्यांना कळत न्हाय? मागं वळून बघा आधी!"

पलीकडं तिची खुर्ची करकरली. मागं पंख्याचा आवाज.

"न्हाय ओ दादा," ती म्हणाली. "निजलेत. जसे होते तसे."

"मग हे काय..."

"दादा, कपाळाला विभूती हाय का त्यांच्या?"

मी बघितलं. "हाय. कपाळाला, दंडाला, छातीला... गळ्यात फुलांचा हार हाय."

"कॉट?"

कॉट नव्हती. तिची खुर्चीही नव्हती. खोली सगळी मोकळी केलेली. माझा आवाज आपोआप खाली आला.

"डावा हात कुठं हाय?" तिनं विचारलं.

"मांडीत. तळवा वर... तळव्यात काय तरी काळं, लहान..."

"इष्टलिंग हाय ते," ती म्हणाली. "दादा... आमच्यात माणसाला असं कधी बसवतात, ठावं हाय न्हवं तुम्हाला?"

ठाऊक होतं हो. लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्या मागच्या आळीत सगळी लिंगायत घरं, किती मयतींना गेलोय मी. आम्हा मराठ्यांच्यात माणूस गेला की आडवा घालतात, आणि आजारी माणूस उठून बसला म्हणजे वाचला. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि बसवूनच माती देतात. हे सगळं माहीत असून मी त्या लेकीला ओरडून सांगत होतो, अप्पा उठून बसलेत म्हणून. जीभ झडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं तेव्हा.

मी काहीतरी पुटपुटलो. मशीन खराब आहे, मी उद्या येतो, डोक्यात घेऊ नका. तिनं ऐकून घेतलं.

"मिरजेला न्हाय जाणार अप्पा," ती शेवटी म्हणाली. आवाज शांत होता तिचा. "हितनंच जाऊ देत. बसवराजला सांगतो मी."

तिनं सांगितलं. तो फोनवर खूप बोलला म्हणे, तुला वेड लागलंय, एका खराब कॉम्प्युटरवरनं कुणी असं ठरवतं का. त्याचंही चुकीचं नव्हतं. तिनं ऐकून फोन ठेवला, कॉम्प्युटर बंद केला आणि टेबलाची खुर्ची उचलून कॉटजवळ नेली. भरवण्यापुरतं सोडलं तर दोन वर्षांत पहिल्यांदाच ती अप्पांकडं तोंड करून बसली.

शनिवारी सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा तिचा फोन आला. पहाटे अप्पा गेले.

मोटरसायकल काढली आणि निघालो. गावाआधीचा पूल ओलांडताना नदीकडं बघायचं धाडस झालं नाही, का ते विचारू नका. घरात शिरलो आणि उंबऱ्यातच थांबलो. कॉट बाहेर अंगणात काढलेली. खुर्ची, टेबल, सगळं बाहेर. भिंतीला टेकून अप्पा बसलेले, मांडी घालून. विभूती, हार, डाव्या तळव्यात लिंग. बायका भजन म्हणत होत्या. राखेचा आणि बेलाचा तोच वास. मी ते सगळं आदल्या संध्याकाळी बघितलं होतं, उलट्या आकड्यांच्या कॅलेंडरसकट. आता आकडे सुलटे होते, एवढाच फरक.

शिवलीला माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर काहीतरी निवलं होतं.

"रात्रभर हात धरून बसलो दादा," ती म्हणाली. "उजवा हात. मेलेला म्हणतेत तो. पहाटं बोट हललं बघा त्याचं, माझ्या तळहातावर. कळत होतं त्यांना. सगळं कळत होतं." आणि मग ती रडली. मलाही आवरलं नाही.

बसवराज दुपारी पोचला. आश्रमासाठी ठरवलेली गाडी रद्द करूनच आला. बहिणीच्या पाया पडला सगळ्यांदेखत. मी मातीला गेलो. चौकोनी खड्डा, त्याच्या एका बाजूला पोखरून केलेला कोनाडा, नदीकाठची काळीभोर माती. स्वामींनी मंत्र म्हटले, अप्पांना कोनाड्यात बसवलं, भोवती मीठ आणि विभूती घातली, बेलाची पानं घातली. मूठभर माती मीही टाकली. घरी येताना मनात आलं, मशीननं का होईना, एका लेकीचं भलं झालं. सावली कशी आली, का आली, ते जाऊ दे. सगळ्याचं कारण आपल्याला कळलंच पाहिजे असं कुठं आहे?

गोष्ट इथं संपली असती तर मी ती आनंदानं सांगत बसलो असतो.

पावसाळा लागल्यावर ती कॉम्प्युटर घेऊन दुकानात आली. पत्रिकेचं काम पुन्हा सुरू केलं होतं. लोकांना घरी बोलावत होती, हसत होती. म्हणाली, सावली अजून हाय दादा, पत्रिका मळकी दिसती, तुम्ही एकदा सगळं पुसून नवीन घालून द्या. मी म्हटलं, ठेवून जा. ती एसटीनं परत गेली.

दुपारची वेळ होती. तिचा मॉनिटर आणलाच नव्हता, नुसता सीपीयूचा डबा. तो मी माझ्या मॉनिटरला जोडला. सगळं पुसलं, विंडोज नवं घातलं. तिची एकसुद्धा फाइल आत ठेवली नाही. मग एक कोरं पांढरं पान उघडलं. पान पांढरं नव्हतं. खालच्या निम्म्या भागात सावली होती, ओल धरल्यासारखी.

तेव्हाच डबा बंद करून टाकायला पाहिजे होता. पण सवय वाईट. बोटं आपोआप गेली बटणांवर. मॉनिटर बंद केला, शॉट काढला, मॉनिटर चालू केला.

खोली नव्हती. खिडकी नव्हती, कॅलेंडर नव्हतं. अप्पा होते. बसलेले, तसेच, मांडी घालून. हार काळा पडलेला. छातीपर्यंत मीठ आणि राख. मागं भिंत नव्हती, काळी माती होती, ओली, आणि तिच्यातनं कसलीशी पांढरी बारीक मुळं बाहेर आलेली. वरनं कुठनं तरी पाण्याची धार कपाळावर येत होती आणि विभूतीचे पट्टे तिनं पुसत आणले होते. दुकानात ओल्या मातीचा असा वास सुटला की मला श्वास घेता येईना. डावा हात मांडीत होता. उजवा मांडीत नव्हता. कोपरापासून वर उचललेला, बोटं पसरलेली, वरच्या मातीला लावलेला. चेहऱ्याकडं मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

आणि त्याच वेळी फोन वाजला. शिवलीला.

"पोचलो दादा घरी," ती म्हणाली. "पाऊस लई लागलाय हिकडं. काल रात्रीपासनं नुसता कोसळतोय."

"बरं," मी म्हटलं.

"एक विचारू? हसू नका. रात्री पावसाच्या आवाजानं जाग आली. उगंच मनात आलं, अप्पा तिथं एकटेच बसलेत, अंधारात, पाण्यात... आधी मी देवाला म्हणायचो, त्यांना कळू दे. आता म्हणतो... आता तरी त्यांना काय कळत नसंल न्हवं दादा?"

मी मान वर केली. चेहऱ्याकडं बघायचं नाही म्हणून ठरवलं होतं, तरी बघितलंच.

"न्हाय ताई," मी म्हणालो. "आता काय कळत न्हाय त्यांना. तुम्ही निवांत झोपा."

"बरं झालं बघा," ती म्हणाली, आणि तिनं सोडलेला सुस्कारा मला इतक्या लांबनं ऐकू आला. "तुमी सांगितलं की बरं वाटतं."

ती फोन ठेवेपर्यंत मी स्क्रीनवरनं नजर काढली नाही. अप्पांचे डोळे उघडे होते.